काचेत बांधलेला अणुकचरा : तारापूर ते खोल खडक

[दृश्य : तारापूरचा किनारा, समुद्राच्या बाजूने]

पालघर जिल्ह्यातील तारापूर येथे १९६९ साली भारतातील पहिल्या अणुवीजकेंद्राचे व्यापारी उत्पादन सुरू झाले. त्या विजेवर मुंबई आणि गुजरातमधील कारखाने चालले, घरांत दिवे लागले, आणि त्याविषयी बरेच लिहिलेही गेले. याच परिसरात एक दुसरे काम अनेक दशके चालू आहे. वापरलेल्या अणुइंधनातून उरणारा अत्यंत तीव्र किरणोत्सारी द्रव काचेत रूपांतरित करून तो सुरक्षित ठेवण्याचे हे काम फारसे कोणाच्या बोलण्यात येत नाही. वीज वापरून संपते. तिच्यामागे राहिलेला हा कचरा मात्र आपल्या नातवंडांच्या नातवंडांनाही सांभाळावा लागणार आहे, आणि म्हणून तो कसा सांभाळला जातो हे प्रत्येक वीजग्राहकाला माहीत असायला हवे.

आरंभी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. किरणोत्सार हा अणूच्या केंद्रकाचा गुण आहे. पदार्थ जाळला, आम्लात विरघळवला किंवा दळून त्याचे पीठ केले, तरी केंद्रकात काहीही बदल होत नाही. प्रत्येक किरणोत्सारी समस्थानिक (एकाच मूलद्रव्याचा वेगळ्या वजनाचा प्रकार) आपल्या ठरलेल्या गतीनेच क्षीण होतो. आयोडीन-१३१ आठ दिवसांत निम्मे उरते, सीझियम-१३७ ला निम्मे होण्यासाठी सुमारे ३० वर्षे लागतात आणि प्लुटोनियम-२३९ ला सुमारे २४ हजार वर्षे. त्यामुळे अणुकचऱ्यावरील प्रक्रियेचा खरा हेतू तो नाहीसा करणे हा नसून, तो स्वतःहून निरुपद्रवी होईपर्यंत त्याला पाणी, हवा आणि माणूस यांच्यापासून दूर, एका जागी स्थिर ठेवणे हा आहे.

या कचऱ्यातील बराचसा भाग सौम्य असतो. जगभरच्या हिशेबानुसार आकारमानाने सुमारे नव्वद टक्के कचरा हातमोजे, कापड, गाळण्या, अवजारे आणि धुण्याचे पाणी अशा स्वरूपाचा असून एकूण किरणोत्सारापैकी जेमतेम एक टक्का त्यात असतो. घन वस्तू दाबून किंवा गाळण्या बसवलेल्या भट्टीत जाळून त्यांचे आकारमान कमी केले जाते. पाण्यातील किरणोत्सारी द्रव्ये रासायनिक साक्याबरोबर खाली बसवली जातात किंवा आयन-विनिमय करणाऱ्या रेझिनमध्ये पकडली जातात, आणि तो साका सिमेंटमध्ये घट्ट केला जातो. मग हे सारे जमिनीलगतच्या दगडी किंवा प्रबलित काँक्रीटच्या चरांत आणि उभ्या नळकांड्यांसारख्या खोल कूपांत ठेवले जाते. भोवतालच्या बोअरवेलमधील पाणी नियमितपणे तपासले जाते. अशा जागांवर सुमारे तीनशे वर्षे देखरेख ठेवण्याचे नियोजन असते, कारण तेवढ्या काळात सीझियम-१३७ आणि स्ट्रॉन्शियम-९० यांची दहा अर्धायुष्ये (निम्मे होण्याचे कालखंड) पूर्ण होतात आणि मूळ द्रव्याचा हजारावा हिस्साच शिल्लक राहतो.

कठीण प्रश्न उरलेल्या तीव्र कचऱ्याचा आहे.

[दृश्य : इंधनकांड्यांचा जुडगा, पाण्याखालील साठवण कुंड]

जड पाण्याच्या अणुभट्टीतून बाहेर काढलेल्या एक टन इंधनात जवळजवळ सगळे युरेनियमच असते. केवळ सुमारे सात किलो द्रव्याचे विखंडन (अणूचे केंद्रक फुटणे) झालेले असते आणि तीन ते चार किलो प्लुटोनियम तयार झालेले असते. हे इंधन काही वर्षे पाण्यात थंड केल्यानंतर त्याचे तुकडे करून ते नायट्रिक आम्लात विरघळवतात आणि युरेनियम व प्लुटोनियम वेगळे काढून पुन्हा वापरासाठी ठेवतात. मागे राहणाऱ्या आम्लात ते सात किलो विखंडनजन्य पदार्थ आणि अमेरिशियम, नेप्ट्युनियम यांसारखी जड मूलद्रव्ये असतात. मूळ इंधनातील बहुतेक सर्व किरणोत्सार या थोड्या द्रवात एकवटलेला असतो. तो स्वतःच्याच किरणोत्साराने तापत राहतो, म्हणून त्याला स्टेनलेस स्टीलच्या भूमिगत टाक्यांत सतत थंड ठेवावे लागते.

हा द्रव टाक्यांत तसाच का ठेवू नये, याचे उत्तर १९५७ च्या सप्टेंबरमध्ये सोव्हिएत संघातील मायाक येथे मिळाले. तेथील एका टाकीची शीतकरण व्यवस्था बंद पडली, पाणी उडून गेले, तळाशी उरलेले नायट्रेट क्षार तापत गेले आणि टाकीचा स्फोट झाला. टाकीवरचे सुमारे १६० टनांचे काँक्रीटचे झाकण उडाले आणि वाऱ्याच्या दिशेने शेकडो किलोमीटर लांबीचा पट्टा दूषित झाला. तेथील गावे उठवावी लागली आणि सोव्हिएत शासनाने ही घटना तीन दशके दडवून ठेवली. द्रव गळू शकतो, उकळू शकतो आणि तो सुरक्षित राहण्यासाठी पंप, वीज आणि माणूस यांची अखंड गरज असते. कोणत्याही समाजाने शतकानुशतके पंप चालू राहतील असे गृहीत धरून चालू नये. द्रवाचे घनात रूपांतर करणे हे या क्षेत्रातील सर्वांत महत्त्वाचे पाऊल आहे ते याच कारणाने.

तारापूर येथे १९८० च्या दशकाच्या मध्यावर आणि मुंबईतील ट्रॉम्बे येथे २००२ साली भाभा अणुसंशोधन केंद्राचे काचीकरण प्रकल्प, म्हणजे द्रव कचऱ्याची काच करणारे प्रकल्प, कार्यान्वित झाले. तमिळनाडूतील कल्पाक्कम हे या कामाचे तिसरे ठिकाण आहे. ज्या दालनांत ही प्रक्रिया चालते त्यांना हॉट सेल म्हणतात. त्यांच्या जाड काँक्रीटच्या भिंतींआड माणूस प्रवेश करू शकत नाही. चालक शिसेयुक्त काचेच्या जाड खिडकीतून आत पाहतो आणि यांत्रिक हातांनी काम करतो, त्यामुळे तेथील प्रत्येक झडप, प्रत्येक जोड आणि प्रत्येक दुरुस्ती दुरूनच करता येईल अशा रीतीने आधीच आखावी लागते.

[दृश्य : मेल्टरचे, म्हणजे काच वितळवणाऱ्या भट्टीचे, रेखाचित्र]

ट्रॉम्बे येथील पद्धतीत उच्च तापमान सोसणाऱ्या मिश्रधातूच्या भांड्यात दाट केलेला कचरा आणि काच तयार करणारी द्रव्ये एकत्र सोडली जातात. विद्युत प्रवर्तनाने भांडे तापते, पाणी आणि आम्ल निघून जातात, क्षारांचे ऑक्साइड बनतात आणि सुमारे ९५० अंश सेल्सिअसला सारे वितळून एकजीव काच होते. भांड्याच्या तळाच्या नळीत गोठलेल्या काचेचेच बूच असते. तेवढा भाग तापवला की ते वितळते आणि लालभडक काच खालच्या स्टेनलेस स्टीलच्या कॅनिस्टरमध्ये (डब्यात) उतरते. तारापूरच्या नंतरच्या मेल्टरमध्ये वीज थेट वितळलेल्या काचेतून वाहवली जाते. थंड काच विजेला अडवते, पण तापल्यावर ती वीज वाहून नेऊ लागते, या गुणाचा तेथे उपयोग होतो. निघणाऱ्या वायूंबरोबर रुथेनियम आणि सीझियम उडून जाण्याचा धोका असल्याने ते वायू थंड करून, धुऊन आणि सूक्ष्म गाळण्यांतून नेल्यावरच बाहेर सोडले जातात. भरलेला कॅनिस्टर तडे जाऊ नयेत म्हणून हळूहळू थंड केला जातो, त्यावर दुरूनच झाकण वितळजोडणीने बसवतात आणि गळतीची तपासणी करतात.

काचेचीच निवड का झाली, हे समजून घेण्यासारखे आहे. शेंगदाण्याच्या चिक्कीत दाणे गुळाच्या पाकात अडकलेले असतात, पण ते दाणेच राहतात. या काचेत कचऱ्याचे अणू तसे अडकलेले नसून पाकाचाच भाग झालेले असतात. सिलिकॉन, बोरॉन आणि ऑक्सिजन यांच्या जाळ्याला स्फटिकासारखी काटेकोर रचना नसते, त्यामुळे लहानमोठ्या आकारांच्या कितीतरी मूलद्रव्यांना त्यात सामावून घेता येते. हे अणू बाहेर पडायचे तर काच स्वतःच विरघळावी लागते आणि बोरोसिलिकेट काच पाण्यात अत्यंत मंद गतीने विरघळते.

मात्र कोणतीही काच कोणताही कचरा स्वीकारत नाही आणि ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी सोडवलेला प्रश्न येथेच आहे. पुनर्प्रक्रियेत वापरल्या गेलेल्या एका लोहयुक्त रसायनामुळे तेथील जुन्या कचऱ्यात सल्फेटचे प्रमाण मोठे होते. नेहमीच्या बोरोसिलिकेट काचेत सल्फेट जेमतेम एक टक्क्यापर्यंतच मावते. त्याहून अधिक असेल तर ते वितळलेल्या काचेवर पिवळ्या थरासारखे तरंगते, तो थर पाण्यात सहज विरघळतो आणि सीझियम नेमके त्याच थरात जाऊन बसते. म्हणजे बाहेरून उत्तम दिसणाऱ्या कॅनिस्टरमध्ये सर्वांत धोकादायक द्रव्य सर्वांत कच्च्या भागात गोळा झालेले असू शकते. यावर उपाय म्हणून बेरियमयुक्त बोरोसिलिकेट काच तयार करण्यात आली, जिच्यात सल्फेट अधिक प्रमाणात सामावते. गाजावाजा न होता, प्रयोगशाळेत वर्षानुवर्षे मुशी तापवून मिळवलेले हे यश मला अणुभट्टीच्या उद्घाटनाइतकेच मोलाचे वाटते.

तयार झालेली काचही तापतच राहते. म्हणून तारापूर येथे १९९९ मध्ये सुरू झालेल्या साठवण वास्तूत कॅनिस्टर संरक्षक आवरणांत बंद करून भूमिगत कोठारात उभे ठेवले जातात. कॅनिस्टरच्या उष्णतेने तापलेली हवा उंच धुराड्यातून वर जाते आणि तिच्या जागी बाहेरची थंड हवा आपोआप आत ओढली जाते. येथे पंखा नाही, पंप नाही, आणि वीज गेल्याने थांबेल असे काहीच नाही. जपानमधील फुकुशिमा अणुवीजकेंद्रात २०११ मध्ये वीजपुरवठा तुटल्यावर काय घडले हे जगाने पाहिले आहे, आणि त्या पार्श्वभूमीवर या साध्या रचनेचे महत्त्व अधिकच जाणवते. दफन करण्यायोग्य होण्यापूर्वी काच येथे तीस वर्षे किंवा त्याहून अधिक काळ थंड होत राहावी, अशी योजना आहे.

[दृश्य : रक्तपेढीतील विकिरण यंत्र]

अलीकडच्या काळात ट्रॉम्बे येथे काचीकरणापूर्वीच कचऱ्यातून सीझियम-१३७ वेगळे काढून त्याच्या काचेच्या कांड्या बनवल्या जाऊ लागल्या. रक्तपेढ्यांत या कांड्यांच्या गामा किरणांनी रक्तावर संस्कार केला जातो, जेणेकरून दात्याच्या पांढऱ्या पेशींनी अशक्त रुग्णाच्या शरीरावर हल्ला करू नये. अशा यंत्रांत पूर्वी सीझियम क्लोराइडची भुकटी वापरली जात असे. ब्राझीलमधील गोयानिया शहरात १९८७ साली एका बंद पडलेल्या दवाखान्यातील असाच उपचारस्रोत भंगारात गेला, त्यातील चमकणारी निळसर भुकटी लोकांनी घराघरांत नेली आणि चार जणांचा मृत्यू झाला. काचेची कांडी अशी उधळत नाही आणि पाण्यात सहज विरघळत नाही. कचऱ्यातूनच मिळवलेल्या रुथेनियम-१०६ च्या चकत्या डोळ्यांच्या कर्करोगावर वापरल्या जातात. हे उपयोग खरे आणि मोलाचे आहेत. पण त्यामुळे अणुकचऱ्याचा प्रश्न सुटला असे म्हणणे बरोबर नाही, कारण कांड्या क्षीण झाल्यावर त्याच केंद्राकडे परत येतात आणि ज्या जड मूलद्रव्यांचे आयुष्य हजारो वर्षांचे आहे ती रुग्णालयाच्या कामाची नसतात. तारापूर येथे ही जड मूलद्रव्येही वेगळी काढण्याचे प्रात्यक्षिक झाले आहे. पुढे विशेष अणुभट्ट्यांत त्यांचे विखंडन करता आले तर कचऱ्याचा दीर्घायुषी भाग बराच कमी होईल, तरी तो शून्य होणार नाही.

उरलेल्या कचऱ्यासाठी जगभरचे तज्ज्ञ एकाच उपायाकडे येतात : शेकडो मीटर खोल, स्थिर आणि पाणी जवळजवळ न वाहणाऱ्या खडकात दफन. फिनलंडमध्ये ओल्किलुओतो येथे सुमारे ४३० मीटर खोलीवर ओंकालो हे जगातील असे पहिले स्थान तयार झाले असून तेथे वापरलेले इंधन तांब्याच्या जाड आवरणात ठेवून भोवती बेंटोनाइट माती भरण्याची योजना आहे. ही माती पाणी लागताच फुगते आणि फटी बुजवते. अमेरिकेत न्यू मेक्सिकोतील मिठाच्या थरात १९९९ पासून लष्करी कामातील प्लुटोनियमयुक्त कचरा ठेवला जातो. २०१४ मध्ये तेथे एक पिंप फुटले, कारण द्रव शोषण्यासाठी त्यात खनिज पदार्थाऐवजी सेंद्रिय पदार्थ घातला गेला होता आणि नायट्रेट क्षारांशी त्याची प्रक्रिया झाली. जवळजवळ तीन वर्षे ते स्थान बंद राहिले. खडकाने काही चूक केली नव्हती. पिंपात काय भरले आहे याकडे दुर्लक्ष झाले होते.

भारताने या दिशेने कर्नाटकातील कोलारच्या सोन्याच्या खाणीत काम केले. सुमारे एक किलोमीटर खोलीवरील एका जुन्या भागात विजेचे तापक बसवून, कचऱ्याच्या उष्णतेला खडक कसा प्रतिसाद देतो याची अनेक वर्षे मोजमापे घेण्यात आली. दफनासाठी ग्रॅनाइटचे प्रदेशही अभ्यासले गेले. महाराष्ट्राचा संबंध येथे वेगळ्या प्रकारे येतो. सहा कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्हात निसर्गाने घडवलेली बेसाल्टी काच सापडते आणि पाण्याच्या सहवासात ती कोणत्या खनिजांत व कोणत्या गतीने बदलते याचा अभ्यास भारतीय संशोधकांनी केला आहे. प्रयोगशाळेतील चाचण्या काही वर्षांच्या असतात. लाखो वर्षांचा अंदाज बांधण्यासाठी असे नैसर्गिक पुरावेच उपयोगी पडतात.

[दृश्य : नकाशा, तारापूर आणि परिसरातील गावे]

खोल दफनस्थानाची जागा भारताने अद्याप निश्चित केलेली नाही. काचीकृत कचऱ्याचे प्रमाण थोडे असल्याने नजीकच्या काळात त्याची गरज नाही, अशी शासनाची भूमिका आहे. प्रमाण थोडे आहे हे खरे आहे; परंतु त्यावरून काम पुढे ढकलावे हा निष्कर्ष मला पटत नाही. एखाद्या खडकातील भेगा आणि भूजलाचा प्रवाह ओळखण्यासाठी दशके लागतात आणि स्थानिक लोकांचा विश्वास मिळवायला त्याहून कमी वेळ लागत नाही. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावे उठवली गेली, आणि पुनर्वसनाविषयीच्या तक्रारी पुढे वर्षानुवर्षे चालत राहिल्या. फिनलंडच्या कायद्याने दफनस्थान नाकारण्याचा पूर्ण अधिकार स्थानिक नगरपालिकेला दिला आणि एउराजोकी नगरपालिकेने सर्व माहिती हाती आल्यानंतर होकार दिला. तेथे १९८३ साली शासनाने वेळापत्रक ठरवले आणि दफनप्रक्रियेची चाचणी २०२४ मध्ये सुरू झाली, म्हणजे मध्ये चार दशके गेली. भारतात आज सर्वेक्षण सुरू झाले, त्याची मोजमापे मराठीसह स्थानिक भाषांत प्रसिद्ध होत राहिली आणि त्या त्या ग्रामसभांना नकाराचा अधिकार मिळाला, तर तारापूरच्या कोठारातील काच पुरेशी थंड झाल्यानंतर फार काळ खोळंबा न होता तिच्यासाठी जागा तयार असू शकेल.