सागाला गाव विचारा

अध्यक्षांनी ओळख करून देताना मला ‘झाडांचा डॉक्टर’ म्हटलं. गैरसमज नको. झाड आजारी पडलं तर मला बोलावू नका. मी फार तर झाडांच्या सोयरिकी जुळवणारा माणूस. आजचा विषय ‘वनवृक्षांच्या दुष्काळ-सहनशीलतेची आनुवंशिकी’. हे शीर्षक माझंच आहे, कबूल करतो. पत्रिका छापून आल्यावर लक्षात आलं की ते एका दमात म्हणता येत नाही. पुढच्या रांगेत जंगलात उभी हयात घातलेली निवृत्त मंडळी दिसताहेत, तेव्हा साग म्हणजे काय ते मी सांगत बसत नाही. थेट गाऱ्हाण्यावर येतो.

वीसेक वर्षांपूर्वी आमच्या यवतमाळकडच्या बरड रानाच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, साग लावायचं ठरलं. मी जड्या आणायला एका रोपवाटिकेत गेलो. कोणत्या ते विचारू नका. शहरातल्या मंडळींसाठी सांगतो, जडी म्हणजे वर्षभराचं रोप उपटून, शेंडा छाटून, बोटभर खोड आणि वीतभर मूळ ठेवलेलं असतं ते. दिसायला वाळका मुळा. पहारीनं भोक पाडायचं, त्यात खुपसायचा, टाचेनं दाबायचा आणि पावसाची वाट बघायची. तर मी तिथल्या माणसाला विचारलं, “बी कुठलं?”

तो म्हणाला, “सागाचं.”

“तसं नव्हे, कुठल्या जंगलातलं?”

“साहेब, पोत्यातलं.”

“आणि पोतं कुठून आलं?”

“गाडीतून.”

हसू नका, माणूस चांगला होता. त्यानं बिचाऱ्यानं रजिस्टर काढून दाखवलं. जड्या किती, तारीख कोणती, पैसे किती, रिकामे बारदाने परत किती, सगळे रकाने होते. बी कुठून आलं हा रकानाच नव्हता! मी तावातावानं दहा मिनिटं बोललो आणि मग जड्या घेतल्या, कारण टेम्पो भाड्यानं आणलेला होता.

अर्धा धुरा त्या जड्यांनी भरला. उरलेल्या अर्ध्यात मामांनी गावामागच्या टेकडीवरून वेचून आणलेल्या बियांची रोपं. सागाचं बी हट्टी असतं. मामी ते पोत्यात घालून रात्री भिजवायची, दिवसा उन्हात वाळवायची, असं आठ-दहा दिवस, आणि तरी उगवलं जेमतेम. पहिली चार वर्षं रोपवाटिकेची ओळ सरळसोट वर गेली. मामांची रोपं अशी की शेळीनंही वाईट वाटून सोडून द्यावीत. मामा माझ्याशी सागाविषयी बोलायचेच बंद झाले.

मग एका वर्षी पावसानं ऑगस्टमध्येच पाठ फिरवली. टेकडीवाल्यांनी दिवाळीच्या आत पानं टाकली. नुसत्या काठ्या उरल्या. रोपवाटिकावाले डिसेंबरपर्यंत हिरवेगार. गावात चेष्टा सुरू झाली, “मास्तर, तुमच्या मामाचा साग गेला.” पुढच्या जूनमध्ये पहिल्या सरीला मामांच्या काठ्या बुडापासून शेंड्यापर्यंत फुटल्या, आणि दुसऱ्या ओळीतले कित्येक साग शेंड्याकडून हात-दोन हात वाळलेले निघाले. मी त्यातली एक फांदी मोडली. आत ओलं काही नाही, पेन्सिलीसारखी कट्‌कन तुटली.

आता, दोन ओळी म्हणजे प्रयोग नव्हे. एका टोकाला माती खोल असेल. जडी आणि पिशवीतलं रोप यांची तुलनाही धड होत नाही. विद्यार्थ्यानं असा प्रबंध आणला असता तर मी परत धाडला असता. पण तेव्हापासून ‘बी कुठलं’ हे माझं खूळ झालंय, हे खरं.

बघा ना, ज्वारीला आपण हा प्रश्न विचारतो. रब्बीची मालदांडी मागणारा शेतकरी दुसरं बी हातात धरत नाही. कपाशीच्या पाकिटावरचा लॉट नंबर पावतीवर चढवून घेतो. चार-सहा महिन्यांच्या पिकाला एवढी चौकशी, आणि साठ वर्षं उभं राहायचं त्या झाडाला काहीच नाही. मुलगी देताना घराणं बघतात, सागाला नुसतं “हिरवा आहे ना? द्या.” राज्यात वृक्षलागवडीची उद्दिष्टं 2016 ला 2 कोटी होती, 2019 ला 33 कोटी. माझं आकड्यांशी भांडण नाही. एक रकाना वाढवा, एवढंच.

हे खूळ एकट्या माझं नाही. फ्रान्सच्या नैऋत्येला लांद नावाचा सागरी पाइनचा मोठा मुलूख आहे. 1940 च्या दशकात तिथे वणव्यांनी जंगल साफ केलं. मग लागवडीत बी आलं ते पोर्तुगालकडचंही. झाडं छान वाढली. चाळीसेक वर्षांनी, 1985 च्या हिवाळ्यात, कडाक्याची थंडी पडली आणि त्या परक्या बियाण्याची हजारो हेक्टर जंगलं मेली. शेजारी स्थानिक बियाण्याची उभी होती. आपल्याकडे थंडीऐवजी ऊन म्हणा. बाकी गोष्ट तीच.

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. म्हणजे आनुवंशिकी अजून दारातच उभी आहे! भराभर सांगतो.

दुष्काळ सोसायचे झाडाकडे दोन-तीन डाव असतात. पानांवरची रंध्रं मिटायची, म्हणजे पाणी वाचतं, पण हवेतला कार्बन आत येत नाही, वाढ थांबते. पानंच टाकून द्यायची, टेकडीवाल्यांसारखी. किंवा मूळ खोल न्यायचं. आपला अंजन बघा, लहानपणी त्याचा शेंडा पुन्हापुन्हा वाळतो, पण खाली मूळ उतरतच असतं. यातलं काहीच जमलं नाही की लाकडातल्या नळ्यांमधली पाण्याची धार ताणानं तुटते, आत बुडबुडा शिरतो. विहिरीवरच्या मोटारीनं हवा धरली की पाणी चढत नाही, अगदी तसंच. 2012 साली झाडांच्या 226 जातींची मापं एकत्र करून पाहिली गेली. जवळपास 70 टक्के जाती या हवा धरण्याच्या उंबरठ्याजवळच जगताना दिसल्या, आणि भरपूर पावसाच्या जंगलातल्याही त्यात होत्या.

मग या सगळ्याचं जनुक कोणतं? एक नाही. जर्मनीत 2018 आणि 2019 च्या दुष्काळात बीच नावाच्या झाडांच्या जंगलात एक झाड वाळलेलं आणि त्याला खेटून दुसरं हिरवं, अशा जोड्या दिसल्या. माती तीच, पाऊस तोच. संशोधकांनी त्यांचे डीएनए ताडून पाहिले. 2021 साली छापून आलं की जनुकसंचात 106 ठिकाणी फरक सापडले. त्यांतल्या 70 जागा तपासून, नव्या 92 झाडांपैकी कोणतं वाळलं आणि कोणतं तगलं हे 98 टक्क्यांहून जास्त अचूक ओळखता आलं. म्हणजे गुण अनेक जनुकांत वाटलेला, पण निवडता येण्याजोगा.

उलट बाजूही सांगतो, नाहीतर तुम्ही मला एकांगी म्हणाल. त्याच सागरी पाइनमध्ये, मोरोक्कोपासून फ्रान्सपर्यंतच्या, नळ्यांचा चिवटपणा मोजला तर तो सगळीकडे जवळपास सारखाच निघाला. म्हणजे ‘कोरड्या मुलखातलं बी आणा’ हा सरसकट मंत्रही चालत नाही. कोणता गुण गावागणिक बदलतो आणि कोणता नाही, ते जातीजातीला मोजावंच लागतं.

सागात हे मोजायला आता आडकाठी नाही. 2018 साली कोइमतूरच्या वन आनुवंशिकी संस्थेतून सागाच्या जनुकसंचाचा कच्चा आराखडा बाहेर आला. थंड मुलखातल्या स्प्रूस या सूचिपर्णी झाडाचा जनुकसंच डीएनएच्या वीस अब्ज अक्षरांचा, सागाचा त्याच्या साठाव्या भागाहूनही लहान. वाचायला सोपा! अडचण निवडीत आहे. आपण बियाण्यासाठी ‘सरस’ झाडं निवडली ती उंच, सरळ, जाड बुंध्याची. उन्हाळ्यात कोण कसं वागतं हे बघून निवड झालेली नाही, आणि एका माणसाच्या नोकरीत सागाच्या दोन पिढ्याही बसत नाहीत. 

बसतो, बसतो, दुसरी चिठ्ठी आली. बाहेरच्या टेबलावर चहाशेजारी सागाच्या बियांच्या दोन पिशव्या आहेत. एक मामांच्या टेकडीची, एक आलापल्लीकडची. मूठमूठ घेऊन जा, पण मिसळू नका. आणि कागदाच्या पुडीवर आधी गावाचं नाव लिहा. पेन तिथेच दोऱ्यानं बांधलंय.