कॅमेरा कुठला घेऊ? आधी सांगा, फोटो कशाचे काढणार!

नमस्कार मंडळी! आवाज जरा बसलाय, सांभाळून घ्या. काल दिवसभर लग्नाचं शूट होतं आणि मंगलाष्टकांच्या स्पीकरखाली उभं राहून असिस्टंटला ओरडून ओरडून सांगावं लागलं.

तर आजचा विषय आमच्या मामेभावाने दिलाय. कराडला असतो, नुकतीच नोकरी लागलीय, मध्यंतरी फोन केला आणि हॅलो नाही की कशी आहेस नाही, "ताई, 60 हजार जमवलेत, कुठला कॅमेरा घेऊ?" म्हटलं फोटो कशाचे काढणारेस? तर म्हणे सगळ्याचेच. पक्ष्यांचे, किल्ल्यांचे, मित्राच्या लग्नाचे, शिवाय व्हिडिओ पण. म्हटलं अरे बाबा, एकाच कढईत पुरणही शिजवायचं आणि बांगडेही तळायचे असं चाललंय तुझं.

आणि त्याचं काही चुकत नाही हो, सगळे असंच विचारतात. दुकानात गेलात की समोरचा पहिलं विचारतो बजेट किती, आणि दुसरं म्हणजे मेगापिक्सलचा आकडा तोंडावर मारतो. मेगापिक्सलचं आत्ताच मिटवून टाकू. 24 मेगापिक्सल म्हणजे 6000 बाय 4000 ठिपके. चांगली प्रिंट काढायला इंचाला 300 ठिपके लागतात, म्हणजे 20 बाय 13 इंचाची एकदम कडक प्रिंट निघते. एवढी मोठी फ्रेम तुमच्या हॉलमध्ये किती आहेत? चौकात दादांच्या वाढदिवसाचा जो फ्लेक्स लागतो ना, तो आपण रस्त्याच्या पलीकडून बघतो, त्याला तर ह्याहून कितीतरी कमी चालतं. आणि तुमचा फोटो शेवटी फॅमिली ग्रुपवरच जाणार असेल तर व्हॉट्सॲप तो दाबून चपटा करणारच आहे. तेव्हा 24 असले की बास, पुढे बोलू.

आता माझी फजिती सांगते. काही वर्षांपूर्वी मी हप्त्यावर फुल फ्रेम कॅमेरा घेतला, कारण यूट्यूबवर जो तो फुल फ्रेम फुल फ्रेम करत होता. फुल फ्रेम म्हणजे आतला सेन्सर, फोटो टिपणारा तुकडा, 36 बाय 24 मिलिमीटरचा, जुन्या रीळच्या फिल्मएवढा. सगळे पैसे बॉडीत, म्हणजे नुसत्या कॅमेऱ्यात घातले आणि लेन्स घेतली सोबत आली ती, 24-105 मिलिमीटरची. हा आकडा जेवढा मोठा तेवढं लांबचं जवळ दिसतं. आणि निघाले भिगवणला! थंडीचे दिवस, पहाटेच उजनीच्या बॅकवॉटरला बोट काढली, समोर रोहित पक्ष्यांचा अख्खा थवा, नावाडीकाका म्हणाले "ताई घ्या आता, ह्याहून जवळ गेलो तर उडतील." मी घेतले. घरी येऊन बघते तर काय, पाणीच पाणी आणि मध्ये गुलाबी मुरमुरे सांडल्यासारखे ठिपके. शेजारच्या बोटीत एक काका होते, जुना पुराणा क्रॉप म्हणजे लहान सेन्सरवाला डीएसएलआर, आत आरसा असतो तो कॅमेरा, आणि त्याला 150-600 लेन्स, त्यांच्या फोटोत पक्ष्याच्या डोळ्याचा रंग दिसत होता. माझा कॅमेरा त्यांच्या कॅमेऱ्याच्या चौपट किमतीचा. काय बोलणार!

मग त्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. पक्षी काढायचे असतील तर पैसा लेन्समध्ये घालायचा, बॉडी मागून. आणि क्रॉप सेन्सर इथे उलट फायद्याचा पडतो. तो सेन्सर लहान, साधारण 23.5 बाय 15.6 मिलिमीटर, त्यामुळे तो लेन्समधून येणाऱ्या चित्राचा मधलाच भाग घेतो, म्हणून 300 ची लेन्स 450 सारखी दिसते, कॅननमध्ये तर 480 सारखी, कारण त्यांचा सेन्सर अजून थोडा लहान. लेन्स काही लांब होत नाही, चित्र कापलं जातं एवढंच, पण लांबच्या पक्ष्याला तेच हवं असतं. बोटीतून काढताना अजून एक, तिथे ट्रायपॉडचा उपयोग नाही, बोट हलतेच. शटर 1000 च्या वर ठेवा, म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाहून वेगात, उडणारा पक्षी असेल तर 2000. लेन्सवर स्टॅबिलायझेशन लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका, ते तुमचा हात सांभाळतं, पक्ष्याचे पंख नाही.

हां, मग लोक म्हणतात तो निकॉनचा पी 1000 घेऊ का, 125 पट झूम, 3000 मिलिमीटरपर्यंत जातो, चंद्रावरचे खड्डे दिसतात! दिसतात, खरंय. पण त्याचा सेन्सर एवढासा, फुल फ्रेममध्ये तसले 30 सेन्सर मावतील. भर उन्हात खंड्या तारेवर गप्प बसलाय तर मस्त येईल फोटो. संध्याकाळ झाली, पक्षी झाडीत शिरला, की सगळी चिखलाची रंगपंचमी. ज्यांना पक्षी ओळखायचेत, नोंद ठेवायचीय, लेन्सांचं ओझं नकोय, त्यांच्यासाठी तो झकास आहे, मी नाव नाही ठेवणार. मोठी प्रिंट काढायचं स्वप्न असेल तर मात्र नको.

ताडोबाचं पण ह्यातच उरकते. तिथे सफारीत मोबाईल न्यायलाच बंदी आहे, त्यामुळे कॅमेरा नसेल तर तुम्ही आणि तुमचे डोळे. वाघ भिगवणच्या पक्ष्यांसारखा ठराविक अंतरावर नाही भेटत, कधी लांब पाणवठ्यावर बसलेला असतो, कधी जिप्सीच्या बॉनेटला घासून जातो, तिथे 600 लावून बसलात तर वाघाच्या फक्त मिशा येतील. 100-400 सारखी झूम बरी. आणि जिप्सीतून उतरता येत नाही, धूळ मरणाची, तेव्हा लेन्स बदलायची हौस तिथे करायची नाही.

आता लग्न. हे माझं रोजचं पोटापाण्याचं, त्यामुळे इथे जरा जास्त बोलणार, कंटाळा आला तर पुढे ढकला.

लग्नात अंतर हा प्रश्नच नसतो, प्रॉब्लेम असतो उजेडाचा. आपल्याकडची मंगल कार्यालयं तुम्हाला माहितीच आहेत, एका कोपऱ्यात पिवळा हॅलोजन, स्टेजवर जांभळा एलईडी, खिडकीतून पांढरं ऊन आणि नवरीच्या अंगावर हिरवा चुडा नि हळद. कॅमेरा गोंधळतो, तुम्ही पण गोंधळता. अंतरपाट खाली यायचा तो एक सेकंद, शेवटचं सावधान झालं, अक्षता उडाल्या, हार पडले, संपलं. "वहिनी, परत एकदा करता का" असं म्हणायची सोय नाही. म्हणून इथे फुल फ्रेमला खरी किंमत आहे, कारण मोठा सेन्सर कमी उजेडात तेवढी कचकच, म्हणजे फोटोतले दाणे, आणत नाही. आणि मिररलेसचा, म्हणजे आत आरसा नसलेल्या नव्या कॅमेऱ्यांचा, डोळा पकडणारा फोकस, तो एकदा वापरला की माणूस मागे जात नाही, मी तर नाहीच गेले. त्यातही बॉडीला दोन कार्डांचे स्लॉट हवेत म्हणजे हवेतच. दोन्ही कार्डांवर एकाच वेळी फोटो उतरतात, एक कार्ड मेलं तरी दुसरं आहे. कार्ड करप्ट झालं म्हणून कोणाचं लग्न परत लावता येत नाही हो.

आणखी एक गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. मिररलेसमध्ये सायलेंट शटर असतं, आवाज नाही काही नाही, भटजींनाही त्रास नाही, मला वाटलं वा! लावलं आणि फोटोवर सगळे आडवे काळे पट्टे, झेब्रासारखे. झालं असं की आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे असले दिवे सेकंदाला 100 वेळा लुकलुकतात. आपल्या डोळ्याला कळत नाही पण सायलेंट शटर सेन्सर वरून खाली ओळीओळीने वाचतं ना, त्याला बरोबर सापडतं. अशा दिव्याखाली शटर 1/50 किंवा 1/100 वर ठेवलं की बहुतेक वेळा पट्टे जातात, नाहीतर साधं मेकॅनिकल शटर वापरा आणि होऊ दे खटखट आवाज, बँडसमोर कोणाला ऐकू येतोय.

पण हे सगळं धंदा करणाऱ्यांसाठी. नुसतं मित्राच्या लग्नात, बारशाला, घरच्या गणपतीत फोटो काढायचेत तर 50 मिलिमीटर एफ 1.8 ची लेन्स घ्या, कॅननची डीएसएलआरवाली 10-12 हजारांत मिळून जाते. एफचा आकडा जेवढा लहान तेवढा उजेड जास्त; सोबत आलेली किट लेन्स झूम केली की एफ 5.6 वर जाते, आणि 1.8 म्हणजे तिच्या नऊ-दहा पट उजेड आत. कॅमेरा तोच, घर तेच, आजी तीच, पण समईच्या उजेडातला आजीचा चेहरा असा येतो की आजी स्वतः म्हणते हा मोठा करून लाव.

कासला माझं घर जवळ, त्यामुळे फुलांचं विचारायला सप्टेंबरमध्ये फोन सुरू होतातच. सीतेची आसवं बघितलीत का कधी, नखाएवढं निळंजांभळं फूल. तिथे लांबची लेन्स नाही, जवळ जाणारी लेन्स लागते, मॅक्रो, साधारण 90-100 ची, वन इज टू वन लिहिलेली, म्हणजे फूल सेन्सरवर आहे तेवढंच मोठं उतरतं. महाग वाटत असेल तर एक्स्टेन्शन ट्यूब घ्या, नुसती पोकळ नळी असते, बॉडी आणि लेन्सच्या मध्ये लावायची, आत काच नाही काही नाही, हजार-दोन हजारात काम होतं. फक्त फुलांमध्ये लोळून फोटो काढू नका, एका फुलाच्या फोटोसाठी 50 फुलं पोटाखाली गेलेली मी बघितलीयत.

ट्रेकवाल्यांनो, तुम्ही मात्र चिडणार माझ्यावर. दिवसाउजेडी किल्ला, बुरुज, ढग, मित्रांचा ग्रुप, ह्याला तुमचा चांगला फोन पुरतो. फोन एका क्लिकमध्ये पाच-सात फोटो घेऊन एकात मिसळतो, आभाळ पण येतं आणि सावलीतली तटबंदी पण. दोन किलोचा कॅमेरा गळ्यात घालून हरिश्चंद्रगडाची नळीची वाट चढून बघा, अर्ध्यात तोच कॅमेरा दरीत टाकावासा वाटेल. पण रात्री त्याच गडावर आकाशगंगा काढायची असेल तर तिथे कॅमेरा, रुंद लेन्स आणि ट्रायपॉड, ह्यात ट्रायपॉड पहिला. हिशोब सोपा, 500 भागिले लेन्सचा आकडा. फुल फ्रेमवर 24 ची लेन्स असेल तर साधारण 20 सेकंद, त्याहून जास्त ठेवलं की तारे रेघा होतात. क्रॉप सेन्सर असेल तर लेन्सचा आकडा आधी दीडपट करून घ्या.

व्हिडिओवाल्यांसाठी पटकन: स्क्रीन स्वतःकडे फिरते का आणि माईक लावायला जागा आहे का, हे दोन बघा आणि राहिलेल्या पैशांचा माईकच घ्या. तारकर्लीच्या पाण्यात, बाईकच्या हेल्मेटवर गोप्रोसारखा ॲक्शन कॅमेरा, तो 10 मीटरपर्यंत तसाच पाण्यात चालतो, त्याखाली जायचं तर वेगळी केस लागते. पण गोप्रोने बहिणीच्या डोहाळजेवणाचे फोटो काढू नका, नाकं मोठी येतात सगळ्यांची.

मग भावाला काय सांगितलं? 60 हजारांत नवा मिररलेस येतो, पण येतो किट लेन्ससकट आणि तिथेच खिसा रिकामा, म्हणजे परत माझे भिगवणचे मुरमुरे. म्हटलं सेकंडहँड डीएसएलआर बघ. कॅनन आणि निकॉनने 2020 नंतर नवा डीएसएलआर काढलेलाच नाही, सगळे मिररलेसवर चाललेत, त्यामुळे जुने लोक धडाधड विकतायत आणि लेन्सा तर भाजीसारख्या मिळतात. कॅननची डीएसएलआरची ईएफ लेन्स 1987 पासूनची, निकॉनची एफ माउंट 1959 पासूनची, एवढ्या वर्षांचा माल बाजारात आहे आणि ॲडॅप्टर लावून पुढे मिररलेसवरही चालतो, निकॉनच्या काही जुन्या लेन्सांचा ऑटोफोकस तेवढा जातो.

गेल्या रविवारी आम्ही दोघं मुंबईला फोर्टात बोरा बाजारला गेलो. सेकंडहँड घेताना काय बघायचं तर शटर किती वेळा उडालंय तो आकडा विचारा, बिल मागा, बिल नाही म्हणाला तर नमस्कार करून बाहेर. आणि लेन्स मोबाईलच्या टॉर्चसमोर धरून आरपार बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं काही दिसलं की ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात, त्यातही कोकणात, लेन्स कपाटात कपड्यांमध्ये ठेवली की हे हमखास होतं. पहिल्या दुकानात जी लेन्स त्याला आवडली होती तिच्यात अख्खं जाळं होतं, दुकानदार म्हणतो फोटोत दिसत नाही. आज नाही दिसत, दादा!

शेवटी घेतलं काय तर एक जुनी क्रॉप बॉडी, 50 ची लेन्स आणि 55-250, सगळं मिळून 41 हजार. उरलेल्यात ट्रायपॉड, आणि हवाबंद डबा आणि सिलिका जेल मी जबरदस्तीने घ्यायला लावलं. काल रात्री त्याने पहिला फोटो पाठवला, घरामागच्या उंबरावरचा तांबट. जरा हललाय, शटर 125 ठेवलं होतं पठ्ठ्याने. पण कपाळावरचा लाल टिळा बरोबर दिसतोय, आणि खाली लिहिलंय, ताई ह्याला 600 लागेल का?