पहिल्या केमोआधीचं घर

(दृश्य : स्वयंपाकघर. वरच्या फळीवरून डबे खाली येताहेत.)

वरच्या फळीवरचं सामान आता कमरेच्या उंचीवर येतंय. या घरात केमोथेरपी सुरू व्हायला थोडेच दिवस उरलेत. केमोचा थकवा झोप काढून जात नाही. त्या दिवसांत स्टुलावर चढणं सोडाच, हात वर धरून ठेवणंही जड जातं.

आवरतंय कोण, तेही बघा. जिला उपचार घ्यायचेत, तीच. कुठे काय ठेवलंय ते एकटीलाच ठाऊक असलं की असंच होतं. म्हणून मुलगा शेजारी उभा राहून डब्यांवर चिठ्ठ्या लावतोय. आमच्या मते आजच्या दिवसातलं सगळ्यात मोलाचं काम हेच.

(दृश्य : फ्रीजर.)

एका वेळेला पुरेल एवढंच अन्न, छोट्या डब्यांत, तारीख घालून. मळमळत असताना शिजत्या अन्नाचा वास नकोसा होतो. चव जाते, कधी तोंडात धातूसारखी चव येते. भरलेलं मोठं पातेलं अशा वेळी कुणी उघडत नाही.

(दृश्य : थर्मामीटर.)

हा थर्मामीटर नवा आहे. घरातल्या प्रत्येकाने तो लावून पाहिलाय, आणि ते मुद्दाम. केमोनंतर साधारण 7 ते 14 दिवसांत रक्तातल्या, जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. तेव्हा 38 अंश सेल्सिअस, म्हणजे 100.4 फॅरनहाइट ताप आला, तर लगेच हॉस्पिटलला फोन. रात्रीचे दोन वाजले असले तरी. ‘सकाळी बघू’ नाही, आणि डॉक्टरांना न विचारता तापाची गोळीही नाही. गोळीने ताप झाकला जातो, जंतुसंसर्ग आत वाढत राहतो.

(दृश्य : दाताचा दवाखाना.)

दात आधी दाखवून घ्यायचे. काढायचा असेल तर जखम भरायला वेळ हवा. पुढे तोंड येतं, तेव्हा मऊ ब्रशही टोचतो.

(दृश्य : बाथरूम.)

सरकणारं पायपुसणं निघालं. काही औषधांनी तळपाय बधिर होतात, पाय कुठे पडतोय ते कळत नाही. डोसनंतरचे निदान 48 तास झाकण लावून फ्लश करायचं, सफाई हातमोजे घालून. औषधाचा अंश लघवीतून बाहेर पडत असतो.

(दृश्य : आरसा, कात्री. निवेदन नाही.)

रजा, विमा, मुलांची शाळा हेही आलंच. आणि पुढे मूल हवं असेल, तर स्त्रीबीज किंवा शुक्राणू गोठवून ठेवण्याबद्दल डॉक्टरांशी पहिल्या डोसच्या आधीच बोलायला हवं.

(दृश्य : फ्रीजवरचा कागद.)

‘काही लागलं तर सांग’ असं सगळेच म्हणतात, मनापासून म्हणतात. पण सांगायचं काम पुन्हा तिच्याकडेच राहतं. म्हणून हा तक्ता. हॉस्पिटलला सोबत कोण, औषधं कोण आणणार, रात्री फोन कोण उचलणार. नावं पेन्सिलीने लिहिलीत. रक्ताचा रिपोर्ट मनासारखा आला नाही तर डोस पुढे ढकलतात, आणि मग सगळ्यांचेच वार बदलतात.