‘संगीत संशयकल्लोळ’ बसवताना

[दृश्य: रिकामा रंगमंच. जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्टीची एक छोटी फुली.]

रंगमंचाच्या पुढच्या कडेपासून पाच-सहा फुटांवर ही फुली आहे. नाटक सुरू झाल्यावर थोड्याच वेळात रेवतीला भोवळ येते, आणि तिच्या हातातली तसबीर नेमकी इथं पडायला हवी. हातभर मागं पडली, तर रेवतीच्याच नऊवारीच्या घोळाखाली झाकली जाते. हातभर पुढं पडली, तर ती उचलणाऱ्या कृत्तिकेचा चेहरा उजेडाच्या बाहेर जातो. आणि कृत्तिकेनं ती तसबीर उचललेली शेवटच्या रांगेला दिसली नाही, तर पुढचे अडीच तास लोक आपापसांत विचारत बसतात, ‘अहो, ही हिच्याकडे आली कुठून?’

तसबीर आहे रेवतीच्या प्रियकराची, अश्विनशेठची. त्यानंच ती रेवतीला दिलेली. भोवळ आलेल्या रेवतीला वाटेतला फाल्गुनराव सावरतो, ते त्याची बायको कृत्तिका पाहते. तिथं पहिला संशय. मग पडलेली तसबीर कृत्तिकेला सापडते, आणि परक्या पुरुषाचं चित्र न्याहाळणारी बायको फाल्गुनरावाला दिसते, दुसरा संशय. पुढं तीच तसबीर फाल्गुनरावापाशी पाहून अश्विनशेठला रेवतीबद्दल शंका येते. माणसं सगळी सरळ आहेत. प्रत्येकानं डोळ्यांनी पाहिलेलंही खरंच आहे. फक्त प्रत्येकानं अर्धंच पाहिलंय.

ही गुंफण मुळात फ्रान्समधली. मोलिएरनं १६६० मध्ये तिच्यावर एक छोटा फार्स लिहिला. इंग्लंडमध्ये आर्थर मर्फीनं १७६१ मध्ये तिचं मोठं नाटक केलं. गोविंद बल्लाळ देवलांनी आधी गद्य आणि मग संगीत नाटक रचून ती इतकी आपलीशी केली, की परकेपणाचा मागमूस राहिला नाही. पुरुषांना महिन्यांची नावं दिली आणि बायकांना नक्षत्रांची: फाल्गुनराव, अश्विनशेठ, वैशाखशेठ, भादव्या, कृत्तिका, रेवती, रोहिणी, मघा. गंधर्व नाटक मंडळीनं १९१६ मध्ये ते संगीत रूपात रंगभूमीवर आणलं. देवल त्याच वर्षी गेले. बालगंधर्वांची रेवती आणि गणपतराव बोडसांचा फाल्गुनराव ही या नाटकाची मोजपट्टी ठरली. दिवसभर नोकरी-व्यवसाय करून संध्याकाळी तालमीला येणारी हौशी मंडळी आजही याच नाटकाकडे वळतात, आणि त्यांचा प्रयोग कुठं रंगतो, कुठं पडतो, हे बहुतेक वेळा एका गोष्टीवर ठरतं. ती म्हणजे सांधा. गद्य आणि पदाचा, एका पट्टीचा, म्हणजे गाणाऱ्याच्या आधारसुराचा, दुसऱ्या पट्टीशी, एका प्रवेशाचा पुढच्या प्रवेशाशी.

[दृश्य: संहितेची पानं. समासात पेन्सिलीच्या खुणा.]

सुरुवात संहितेपासून. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांपर्यंत हक्क राहतो, त्यामुळे देवलांची मूळ संहिता केव्हाच खुली झाली आहे. पण नंतर कुणी संपादित केलेली रंगावृत्ती वापरायची असेल, तर तिचा हक्क वेगळा असू शकतो. ते आधी विचारून घ्यावं. नाटकाची संहिता तपासणाऱ्या रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्रही वेळेत पाहावं. आणि प्रमाणपत्र ज्या संहितेचं, तीच संहिता रंगमंचावर यायला हवी.

मग काटछाट. जुन्या काळी नाटक रात्रभर चालायचं. आज मध्यंतर धरून तीन तास मिळतात. एका पदाला सरासरी चार मिनिटं धरली, तर पंधरा पदांना एक तास जातो. मध्यंतराची पंधरा मिनिटं वजा करा, गद्याला पावणेदोन तास उरतात. सगळी पदं ठेवायचा मोह झाला की कात्री गद्यावर चालते, आणि नेमकी तीच वाक्यं उडतात ज्यांत तसबिरीचा प्रवास आहे. त्यासाठी एक तक्ता करावा. उभ्या ओळीत प्रवेश, आडव्या ओळीत पात्रं, आणि प्रत्येक चौकटीत दोनच नोंदी: या क्षणी याला काय माहीत आहे, आणि तसबीर कुणाकडे आहे. जे वाक्य काढल्यावर या तक्त्यातली एखादी चौकट रिकामी पडते, ते वाक्य काढायचं नाही. कितीही जुन्या वळणाचं असलं तरी.

पात्रनिवडीत गाण्याचा मोठा भार अश्विनशेठ आणि रेवती यांच्यावर. फाल्गुनरावाचा सगळा डाव गद्यावर. म्हणून संस्थेतला सर्वांत पक्क्या लयीचा गद्य नट फाल्गुनरावाला द्यावा. आवाजाची लय नव्हे, वाक्याची. संशयी माणूस विनोदी दिसावा म्हणून तोंडं वाकडी करणारा फाल्गुनराव पहिल्या वीस मिनिटांत संपतो. त्याला स्वतःच्या दुःखाची पूर्ण खात्री हवी. तो जितका मनापासून होरपळतो, तितके लोक हसतात.

[दृश्य: तालमीची खोली. एका कोपऱ्यात ऑर्गन, शेजारी तबलजी हातोडीनं तबल्याचे लाकडी गठ्ठे ठोकत आहेत.]

गद्याची तालीम वेगळी आणि पदांची वेगळी, ही हौशी संस्थांची नेहमीची पद्धत. सोयीची आहे, पण ती जेवढी लांबते तेवढे सांधे कच्चे राहतात. आठ-दहा आठवड्यांची तालीम असेल, तर चौथ्या आठवड्यापासून साथीदार गद्याच्या तालमीला बसलेच पाहिजेत.

आधी पट्टी. समजा, अश्विनशेठ गातो काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुरात, आणि रेवती काळी चारमध्ये. दोघं एकाच प्रवेशात, आणि दोघांच्या पदांमध्ये सहा-सात वाक्यं. तबला तेवढ्यात नव्यानं लावायला वेळ नाही. अनुभवी तबलजी इथं एक हिशेब करतात. काळी चारला षड्ज (सा) धरला, तर त्याचा शुद्ध मध्यम (म) म्हणजेच काळी एक. तेव्हा काळी एकला लावलेला तबला अश्विनशेठला षड्जाचा आणि रेवतीला मध्यमाचा होतो. काळी दोन आणि काळी पाच यांचंही असंच जुळतं. पण रागात शुद्ध मध्यमच नसेल, तर तो सतत टोचत राहतो. तिथं दुसरा तबला आधीच लावून शेजारी ठेवावा, आणि कोणत्या पदाला कोणता हे खडूनं लिहून ठेवावं. गायिकेची पट्टी अर्ध्या सुरानं बदलली की हे सगळं गणित मोडतं. म्हणून पट्ट्या पहिल्या आठवड्यात ठरवायच्या आणि त्यानंतर हलवायच्या नाहीत.

पावसाळी दमट हवेत चामडं सैलावतं, सूर उतरतो. दिव्यांच्या धगीत तेच सुकतं आणि सूर चढतो. तबला मेकअपच्या खोलीत लावून उपयोग नाही. रंगमंचासमोर, जिथं वाजणार तिथं, दिवे आणि वातानुकूलन चालू असताना अर्धा तास आधी लावायचा.

ऑर्गनचं दुखणं निराळं. त्याचा सूर सहसा हलत नाही, पण भाता गळतो. भात्याचं कापड विरलं किंवा उंदरानं कुरतडलं की वाजवणाऱ्याला पाय दुप्पट वेगानं मारावे लागतात, आणि लांब सुराच्या शेवटी आवाज खचतो. पायट्याची कुरकुर तर तिसऱ्या रांगेपर्यंत जाते. बिजागरीला मेण लावलं की थांबते. पायट्याचा पट्टा ऐन प्रयोगात तुटतो, हे गृहीत धरून हार्मोनियम विंगेत उघडून ठेवलेली असावी.

आता तो मुख्य सांधा.

[दृश्य: रेवती आणि अश्विनशेठ समोरासमोर. ऑर्गनवादकाच्या डोळ्यांवर कॅमेरा.]

नीट ऐका. अश्विनशेठचं शेवटचं वाक्य अजून चालू आहे, आणि त्याच्या खालून षड्ज-पंचम हलकेच आला आहे. वाक्य संपलं, श्वास, आणि पद उचललं. मध्ये वाजवणं नाही. हौशी प्रयोगात इथं काय होतं? वाक्य संपतं, ऑर्गनवर सुरावट सुरू होते, तबला चार आवर्तनं, म्हणजे तालाचे चार फेरे, भरतो. मध्यलयीच्या त्रितालात एक आवर्तन साधारण दहा सेकंदांचं. म्हणजे चाळीस सेकंद नट हात कुठं ठेवावेत या विवंचनेत उभा. चिडलेला प्रियकर चाळीस सेकंद थांबून मग चिडत नाही. ज्या पदाला रागाची किंवा तक्रारीची ठिणगी आहे, त्याला आधी वाजवणं नकोच. जिथं प्रवेश पदानंच उघडतो, तिथं एक आवर्तन पुरे.

हशा आणि सूर यांचाही मेळ बसवावा लागतो. विनोदी वाक्यानंतर लगेच पद असेल, तर ऑर्गनवादकानं हशाची लाट चढू द्यायची, आणि ती उतरू लागली की सूर द्यायचा. लाट चढताना सूर दिला तर लोक हसणं आवरतात. पूर्ण शांत झाल्यावर दिला तर प्रवेश थंड पडलेला असतो. हे कागदावर लिहून देता येत नाही. तालमीला पाच-दहा नवखी माणसं बोलावून बसवली, तर त्यांच्या हसण्यावर ते शिकता येतं.

पद सुरू झाल्यावर दुसरी अडचण. गाणाऱ्याला टाळी मिळाली की तो अंतरा पुन्हा घेतो, तानांचा पट्टा लांबतो. प्रत्येक पद दीड मिनिटानं वाढलं, तर बारा पदांत अठरा मिनिटं गेली, आणि ती भरून काढण्यासाठी शेवटचा अंक धावत उरकला जातो. शेवटच्या अंकात तर सगळे संशय फिटायचे आहेत! म्हणून प्रत्येक पदातली विस्ताराची एक किंवा दोनच जागा ठरवाव्यात. वन्स मोअर आला, तर फक्त मुखडा आणि एक अंतरा घेऊन पुढं जावं. बैठकीत याच पदांना तास दिला तरी तो शोभतो. पण हे नाटक आहे, आणि गाणाऱ्यासमोर कुणीतरी ऐकत उभं आहे.

त्या ऐकणाऱ्याकडे दिग्दर्शकाचं लक्ष हवं. अश्विनशेठ गात असताना रेवती नुसती मान डोलावत राहिली, तर नाटक थांबलं आणि मैफल सुरू झाली. प्रत्येक ओळीला तिच्या मनात काय होतं, हे गद्याच्या तालमीत ओळ बोलून बसवायचं: ही ओळ ऐकून विश्वास बसला, ही ऐकून पुन्हा शंका आली. मग चाल घालायची.

[दृश्य: रंगवलेला रस्त्याचा पडदा वर जातो. मागं फाल्गुनरावाचं घर तयार.]

नेपथ्याबद्दल मत स्पष्ट आहे: घरं आणि रस्ता यांच्यात सतत ये-जा करणाऱ्या या नाटकाला जुना रंगवलेला पडदाच सोयीचा. पुढं रस्त्याचा पडदा, त्याच्यासमोर प्रवेश चालू, आणि मागं पुढचं घर मांडून होतं. पडदा वीस सेकंदांत वर. त्याऐवजी प्रत्येक घराचा भरगच्च सेट उभारला, की दर वेळी दोन मिनिटांचा काळोख होतो आणि संशयाची साखळी तुटते. फक्त मागं सरकणाऱ्या बैठकीचा आणि चौरंगाचा आवाज येता कामा नये; पायांना जाड कापडाच्या चिंध्या बांधाव्यात. कृत्तिका जिथून पाहते ती खिडकी प्रेक्षकांकडे तिरकी असावी. काटकोनात लावली तर तिला रस्ता दिसतो, पण आपल्याला तिचा चेहरा दिसत नाही, आणि संशय जन्मतो तो त्या चेहऱ्यावर.

पगडीची सावली डोळ्यांवर पडते, म्हणून समोरचे काही दिवे खालच्या कोनात हवेत. कॉलर माइक बायकांच्या ठुशी-मोहनमाळेपासून दूर, शक्यतो केसांच्या कडेला लावावा. दागिना आपटला की खटखट सभागृहभर ऐकू येते. पुरुषांच्या उपरण्याचं घासणंही तसंच. बोलण्याला लावलेला माइक तार सप्तकातल्या तानेला फाटतो. ध्वनिसंयोजकाच्या हातात पदांच्या खुणा केलेली संहिता असलीच पाहिजे, आणि पद आलं की त्यानं आवाज उतरवायचा.

[दृश्य: विंगेतलं सामानाचं टेबल. प्रत्येक वस्तूभोवती खडूची रेघ.]

आणि ही ती तसबीर. साधारण पोस्टकार्डाएवढी. याहून लहान असेल तर मागच्यांना दिसत नाही, मोठी असेल तर पदराआड लपत नाही. चौकट लाकडी, काच नाही. काचेवर दिवा चमकतो आणि चित्राऐवजी पांढरा ठिपका दिसतो. शिवाय पडून फुटली तर त्याच जागी अनवाणी नाचरे पाय येतात. आत अश्विनशेठची भूमिका करणाऱ्या नटाचंच छायाचित्र, त्याच पगडीत. ऐन वेळी नट बदलला तर हेही बदलायचं. लोक हे बारकाईनं पाहतात. एक जोडतसबीर टेबलावर कायम. प्रत्येक प्रवेशानंतर मूळ तसबीर ज्याच्या हातात होती, त्यानं ती थेट सामान सांभाळणाऱ्याच्या हातात द्यायची. घाईत कोटाच्या खिशात राहून गेलेली तसबीर पुढच्या प्रवेशात नसते, आणि या नाटकात तिच्यावाचून एक पाऊल पुढं पडत नाही.

पाडायची कशी, हेही बसवावं लागतं. रेवती ती कमरेला खोचत नाही. नऊवारीच्या ओच्यात चौकटीचा कोपरा अडकतो. ती हातात, छातीशी धरलेली. भोवळ येताना आधी मनगट सैल, मग गुडघे. याच क्रमानं. गुडघे आधी गेले तर तसबीर अंगाखाली येते. वाकलेली रेवती आणि सावरणारा फाल्गुनराव दोघंही फुलीच्या मागच्या बाजूला राहतात, आणि उठून जाताना फाल्गुनरावाची नजर एकदाही खाली जात नाही. ही एवढी हालचाल प्रत्येक तालमीच्या सुरुवातीला दहा वेळा.

[दृश्य: प्रयोगाची संध्याकाळ. बंद दर्शनी पडद्यामागची बाजू.]

पहिली घंटा. पात्रं रंगभूषेतून बाहेर. ऑर्गनवर एकदा काळी एक, एकदा काळी चार.

दुसरी घंटा. नारळ फुटतो, उदबत्तीचा वास विंगेत पसरतो. नांदीला उभे राहणारे आपापल्या जागी. सामान सांभाळणारा टेबलावरून बोट फिरवत मोजतो. तसबीर जागेवर, जोडतसबीर जागेवर.

तिसरी घंटा. षड्ज.