नीरेच्या कालव्याचा जमाखर्च

[दृश्य: वीरचा बंधारा, कालव्याचं तोंड]

नीरा डावा कालवा वीरपाशी नदीतून निघतो आणि पुरंदर, बारामती, इंदापूर असा शंभर मैलांच्या आसपास जातो. 1876 च्या दुष्काळात दुष्काळी काम म्हणून त्याची खोदाई निघाली. 1885 मध्ये पाणी सुटलं. वरच्या अंगाला, भोरजवळ वेळवंडी नदीवर भाटघरचं धरण उभं राहिलं.

कालवा काढला ज्वारी-बाजरी वाचवायला, आणि त्यावर वाढला ऊस. असं का झालं, हे कळायला सरकारी हिशेबाची पद्धत पाहावी लागते.

[दृश्य: जुने नकाशे, खतावणीची पानं]

ब्रिटिश सरकार पाटबंधाऱ्याची कामं दोन खात्यांत टाकायचं. पहिलं खातं 'उत्पादक' कामांचं. ती कर्ज काढून बांधायची. अट अशी, की काम पुरं झाल्यावर 10 वर्षांत देखभालीचा खर्च वजा जाऊन उरलेल्या पाणीपट्टीतून भांडवलाचं व्याज सुटलं पाहिजे. पंजाबातल्या बारमाही नद्यांवर हे जमायचं. दख्खनमध्ये नदी पावसाळ्यापुरती वाहते, म्हणून आधी दगडी धरण हवं. कालवाही मुरूम-खडक फोडून न्यायचा. भांडवल एवढं वाढतं, की व्याज निघत नाही.

मग दुसरं खातं, 'संरक्षक' कामांचं. दुष्काळात मदतवाटपावर उडणारा पैसा वाचतो, म्हणून ही कामं महसुलातून करायची. 1878 पासून त्यासाठी वर्षाला दीड कोटी रुपयांचा दुष्काळ विमा निधी ठरला. तो नेमानं बाजूला पडला, असं मात्र नाही. अफगाण युद्धाचा खर्च त्याला आडवा आला, अशी टीका तेव्हाच झाली.

संरक्षक म्हटलं तरी ताळेबंद दरवर्षी निघायचाच. आणि तिथं तूट दिसायची.

[दृश्य: काळ्या रानातली ज्वारी]

तुटीचं कारण साधं होतं. भारी काळ्या जमिनीत पाऊस बरा झाला, तर ज्वारीला पाटाचं पाणी लागत नाही. मग शेतकरी पट्टी कशाला भरेल? रान सपाट करा, चारी काढा, अर्ज द्या, हा व्याप वेगळाच. पावसानं दडी मारली की मात्र सगळे एकाच आठवड्यात पाणी मागणार, आणि तेवढं पाणी एका वेळी वाहून नेण्याची ताकद कालव्यात नसायची. चांगल्या वर्षी गिऱ्हाईक नाही, वाईट वर्षी पुरवठा नाही.

ऊस वर्षभर पाणी घेतो, आणि त्याची पट्टी ज्वारीच्या कितीतरी पट. तूट भरून काढणारं पीक हेच होतं. पण सुरुवातीला ऊस विखुरलेला असायचा. इथं एक एकर, मैलभर पुढं अर्धा. एवढ्याशा रानासाठी लांबलचक चारी भिजवायची म्हणजे निम्मं पाणी वाटेतच मुरायचं.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अभियंता मोक्षगुंडम विश्वेश्वरय्यांनी इथं ब्लॉक पद्धत मांडली. जमीन एका सलग गटात घ्यायची, काही वर्षांची पाण्याची हमी एकदमच द्यायची, आणि गटाच्या साधारण तिसऱ्या हिश्शातच ऊस; बाकीच्यात हंगामी पिकं, पाळीपाळीनं बदलत. खात्याला पट्टीची खात्री, शेतकऱ्याला पाण्याची. कल्पना हुशारीची होती, यात शंका नाही.

[दृश्य: गुऱ्हाळ, चुलवाण, काहील]

पाण्याची हमी मिळाली, पैशाचं काय? बेणं, पेंड, बांधणी, पट्टी, शेवटी गुऱ्हाळ: उसाला एकरी शेकडो रुपये आधी घालावे लागत. सरकारी तगाई, म्हणजे शेतीसाठीचं सरकारी कर्ज, 1883 आणि 1884 च्या कायद्यांनुसार, विहीर, बांधबंदिस्ती, बैल, बियाणं यांसाठी असायची, आणि ती तुटपुंजी. उसाला पैसा सावकार आणि गुळाचा अडत्या पुरवायचे. गूळही मग त्यांच्याच पेढीवर घालावा लागे. 1911 मध्ये विठ्ठलदास ठाकरसी आणि लल्लूभाई सामळदास यांच्या पुढाकारानं बॉम्बे सेंट्रल को-ऑपरेटिव्ह बँक निघाली. नीरा कालव्यावरच्या सोसायट्यांना तिनं कर्ज दिलं. पहिल्या महायुद्धात गूळ चढला तोवर वसुली ठीक होती. नंतर भाव उतरला, तशी थकबाकी वाढत गेली.

[दृश्य: पांढरी फुटलेली जमीन]

सगळ्यात महाग पडली ती निचऱ्याची हयगय. अंदाजपत्रकात पाणी आणायचा खर्च होता, काढून न्यायचा नव्हता. काळ्या मातीखाली मुरूम असतो. कालव्यातून आणि उसातून झिरपलेलं पाणी त्या मुरमातून उताराकडे सरकतं आणि सखल भागात वर दाबलं जातं. पाणी उडून जातं, क्षार वर राहतात. जमीन आधी पाणथळ, मग खारवट. सोडियम वाढला की चोपण. चोपण रान ओलं असताना चिकटतं, वाळलं की दगड होतं, आणि पाणी आत घेतच नाही.

1916 मध्ये यासाठी खास पाटबंधारे विभाग नेमला गेला, अभियंता सी. सी. इंग्लिस यांचं काम त्यातलंच. मुद्दा निघाला तो निचऱ्याचा चर कुठं काढायचा याचा. नुसत्या काळ्या मातीत चर खोदला तर त्यात पाणी उतरत नाही, कारण ती माती पाणी सोडत नाही. चर मुरमापर्यंत, तोही पाणी वाहणाऱ्या मुरमापर्यंत न्यावा लागतो. म्हणून आधी जागोजागी खड्डे घेऊन थर तपासायचे. चर लागू पडला, की वरून पाणी देऊन क्षार धुवायचे. चोपण असेल तर त्याआधी जिप्सम मिसळायचं, नाहीतर पाणी खाली उतरतच नाही. मग धैंचासारखं हिरवळीचं पीक गाडायचं. आणि चर दरवर्षी उपसायचा. लव्हाळा-पाणकणीस माजून गाळ साठला, की पातळी पुन्हा वर येते.