जादूगाराच्या वहीतले सहा स्पेल

मित्रहो, चहाच्या वेळी एका मुलीनं मला डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या, पात्र होऊन खेळायच्या खेळाबद्दल विचारलं, "माझा पहिल्या लेव्हलचा विझर्ड आहे. सगळ्यात जास्त डॅमेज देणारे सहा स्पेल सांगाल का?" तिला म्हटलं, आज त्याच्यावरच बोलणार आहे. विझर्ड म्हणजे या खेळातला जादूगार, स्पेल म्हणजे त्याचा मंत्र, डॅमेज म्हणजे शत्रूला होणारी इजा आणि लेव्हल म्हणजे पात्राची पायरी.

माझा पहिला विझर्ड मी असाच बनवला होता. बर्निंग हँड्स, मॅजिक मिसाइल, विच बोल्ट, क्रोमॅटिक ऑर्ब, थंडरवेव्ह, सगळं मारामारीचं सामान. तिसऱ्या बैठकीत आमची पार्टी, म्हणजे आमच्या पात्रांचा गट, एका पुलाशी आली. पलीकडून गॉब्लिन ओरडून काहीतरी सांगत होते आणि ती भाषा आमच्यात कुणालाच येत नव्हती. माझ्या वहीत आग होती, वीज होती, गडगडाट होता. त्यांचं म्हणणं कळावं असं काही नव्हतं. शेवटी लढाई झाली आणि आमचा क्लेरिक, म्हणजे पार्टीतला पुरोहित, गेला. खेळ संपल्यावर डीएमनं, म्हणजे खेळ चालवणाऱ्यानं, सांगितलं, ते फक्त पुलाचा टोल मागत होते. त्या क्लेरिकची हळहळ मला अजून आहे.

तेव्हापासून स्पेल निवडताना मी एकच गोष्ट बघतो: हे काम पार्टीत दुसरं कुणी करू शकतं का? करू शकत असेल, तर ते त्याला करू द्यावं.

आता हिशेब मांडू. मी डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीबद्दल बोलतोय, २०१४ च्या नियमांबद्दल. आपल्या बहुतेक टेबलांवर अजून तेच चालतात. पहिल्या लेव्हलला वहीत सहा स्पेल. इंटेलिजन्स, म्हणजे पात्राच्या बुद्धीचा आकडा, १६ असेल तर रोज सकाळी त्यातले चार तयार ठेवता येतात. आणि स्लॉट, म्हणजे स्पेल टाकायच्या संधी, किती? दोन. छोट्या विश्रांतीनंतर दिवसातून एकदा एक परत मिळतो. म्हणजे सगळा दिवस तीन स्पेलवर काढायचा. मॅजिक मिसाइलचे तीन बाण मिळून सरासरी साडेदहा डॅमेज देतात, चुकत नाहीत हे खरं. पण फायटरची लाँगस्वोर्ड लागली की साडेसात देते, आणि तो ती दिवसभर फुकट चालवतो. तुमच्याकडेही फायर बोल्ट हा स्लॉट न लागणारा छोटा स्पेल आहेच, १२० फुटांवरून, कितीही वेळा. तीनातला एक स्लॉट देऊन तलवारीच्या एका घावापेक्षा जेमतेम जास्त मिळत असेल, तर तो सौदा मला पटत नाही.

त्याच स्लॉटमध्ये स्लीप बघा. पाच आठ-बाजूंचे फासे टाकायचे, सरासरी साडेबावीस. जेवढी बेरीज, तेवढ्या हिट पॉइंटचे, म्हणजे तेवढा जीव असलेले, शत्रू झोपतात. गॉब्लिनचे हिट पॉइंट सात. म्हणजे तीन गॉब्लिन जागच्या जागी आडवे, सेव्हिंग थ्रो, म्हणजे बचावाचा फासा, नाही, काही नाही. पहिल्या दोन लेव्हलमध्ये याच्या तोडीचा स्पेल मला माहीत नाही. एल्फवर आणि उठून चालणाऱ्या मढ्यांवर तो चालत नाही, आणि पाचव्या लेव्हलपर्यंत शत्रू एवढे दणकट होतात की त्याचा उपयोग संपतो. मग तो वहीत राहू द्या, सकाळी तयार करू नका. २०२४ च्या नव्या पुस्तकात स्लीप पुरता बदललाय, त्याला सेव्ह आलाय. म्हणून तुमच्या टेबलावर कुठलं पुस्तक चालतं ते आधी विचारा.

आता रिच्युअल, म्हणजे सावकाश विधी करून टाकायचे स्पेल. विझर्डची खरी श्रीमंती इथे आहे आणि नवे खेळाडू नेमकी हीच पानं उलटून पुढे जातात. रिच्युअलचा शिक्का असलेला स्पेल वहीत नुसता असला तरी पुरे. तयार ठेवायला नको, स्लॉटही लागत नाही, फक्त दहा मिनिटं जास्त द्यायची. गणित कसं जुळतं पाहा: सहातले दोन रिच्युअल घेतले की उरतात चार, आणि तयार ठेवायलाही चारच. एकही जागा वाया जात नाही.

त्या दोनातला पहिला फाइंड फॅमिलियर. धूप, कोळसा, वनस्पती मिळून दहा सोन्याची नाणी आणि तासाभराचा वेळ, की एक घुबड तुमचं होतं. ते हल्ला करत नाही. पण १०० फुटांच्या आत त्याच्या डोळ्यांनी तुम्हाला पलीकडची खोली दिसते, आणि लढाईत त्याच्या मदतीनं तुमच्या पार्टीतल्या 'रोग'ला, म्हणजे चोर पात्राला, दोन फासे टाकून चांगला निवडता येतो. दुसरा काँप्रिहेंड लँग्वेजेस. त्यानं परकी भाषा बोलता येत नाही, पण कळते. त्या पुलाशी आमच्याकडे दहा मिनिटं नक्की होती.

उरलेल्या चारांत स्लीप आलाच. शील्ड घ्या, कारण विझर्डचे हिट पॉइंट मोजकेच असतात आणि ऐन वेळी एसीमध्ये, म्हणजे वार न लागण्याच्या आकड्यात, पाचाची भर पडली तर जीव वाचतो. मेज आर्मर, म्हणजे जादूचं चिलखत, मात्र मी पहिल्या लेव्हलला घेत नाही. दोनातला एक स्लॉट सकाळीच जातो, तो मला परवडत नाही. तिसऱ्या लेव्हलला पहिल्या पातळीच्या स्पेलचे चार स्लॉट झाले की खुशाल घ्या. तिसरा फॉग क्लाउड. वीस फूट त्रिज्येचं धुकं पसरलं की हरत चाललेली पार्टी निसटू शकते, आणि हे काम फायटरच्या हातून होणारं नाही.

त्याला कॉन्सन्ट्रेशन लागतं, हे विसरू नका. एका वेळी असा एकच स्पेल धरता येतो. दुसरा सुरू केलात की पहिला सुटला; मार बसला तर कॉन्स्टिट्यूशनचा, म्हणजे शरीराच्या काटकपणाचा, सेव्ह द्यावा लागतो, किमान दहाचा. ज्यांच्या वहीत सगळेच स्पेल कॉन्सन्ट्रेशनचे असतात, ते पहिल्या फेरीनंतर हात बांधून बसलेले मी पाहिलेत.

मग डॅमेज कधीच घ्यायचं नाही का? घ्यायचं. पाचव्या लेव्हलला फायरबॉल येतो, आठ फासे, सरासरी २८, आणि तोही वीस फूट त्रिज्येतल्या प्रत्येकाला. एका कृतीत डझनभर शत्रूंना भाजणं तलवारीला जमत नाही. तिथे तो स्लॉट मी आनंदानं देतो.

राहिला सहावा. तो मी सांगणार नाही, कारण तो तुमच्या डीएमच्या जगावर ठरतो. खेळ डोंगरकड्यांवर असेल तर फेदर फॉल. दरबारातल्या कारस्थानांचा असेल तर डिसगाइज सेल्फ. म्हणून मघाच्या त्या मुलीला माझं सांगणं आहे, आज पाच लिही आणि सहावी ओळ कोरी ठेव. रविवारी बसाल तेव्हा फासे काढायच्या आधी डीएमला विचार, "आपण जातोय कुठे?"