मनगटावरचा धागा

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय सौद्याबद्दल. भाजीबाजारातल्या नव्हे, कोर्टातल्या. आरोपीनं गुन्हा कबूल करायचा, असेल नसेल ती माहिती द्यायची, आणि सरकारनं त्याची फाशी मागायची नाही. परत सांगतो, कबुली त्याची, फाशी सोडायची सरकारनं. आपल्याकडेही २००६ पासून असा कायदा आहे, पण फाशी-जन्मठेपेच्या गुन्ह्यांना तो लागू नाही. अमेरिकेत मात्र ही वाट खुली आहे.

आता माझ्या मावशीची गोष्ट. ती प्रभादेवीला राहायची. दर मंगळवारी सिद्धिविनायकाची रांग, आणि घरी आलेल्या प्रत्येकाच्या मनगटाला लाल धागा. नको म्हणायची सोय नव्हती.

फेब्रुवारी २०१६. डेव्हिड हेडली अमेरिकेतून व्हिडिओवर मुंबईच्या कोर्टात साक्ष देत होता. २६/११ च्या हल्ल्याआधी मुंबईत येऊन जागा हेरून गेलेला तो हाच. मी मावशीकडे गेलो, तर बाई मटार सोलत बसलेल्या, टीव्ही चालू. आणि बातमी आली की हेडलीनं सिद्धिविनायकाहून धागे विकत घेतले होते. हल्लेखोरांच्या हाताला बांधायला, म्हणजे ती पोरं इथलीच वाटावीत.

श्रोतेहो, सीएसटीवरचा कसाबचा तो फोटो आठवा. पाठीवर सॅक, हातात बंदूक, आणि मनगटावर धागा. आपण सगळ्यांनी पाहिलेला.

मावशीच्या हातातली शेंग तशीच राहिली. म्हणाली, "अरे, तो रांगेत उभा राहिला असेल का रे?"

मी म्हटलं, "धागे घ्यायला रांग कशाला लागते?"

"म्हणजे दर्शनसुद्धा नाही घेतलं मेल्यानं!"

मग म्हणाली, "त्याला फाशी कधी?"

"नाही होणार. पस्तीस वर्षं तुरुंग. सौदा झालाय. भारताच्या ताब्यातही द्यायचं नाही, असं ठरलंय."

"आणि त्या कसाबला?"

"२०१२ लाच. येरवड्याला."

"जागा दाखवणाऱ्याला पस्तीस वर्षं, आणि आलेल्याला फास. सौदा केला कोणी?"

"शिकागोच्या सरकारी वकिलांनी. हल्ल्यात सहा अमेरिकन गेले ना, म्हणून खटला तिकडे."

"गेले एकूण किती?"

"एकशे सहासष्ट."

मावशीनं हिशेब केला. "म्हणजे एकशे साठांना कोणी विचारलंच नाही." आणि उरलेले मटार सोलायला लागली.

कसाबचं नाव निघालं की कोणीतरी त्याच्या मटण बिर्याणीची गोष्ट काढतंच. ती आपणच रचली होती, असं त्या खटल्यातले सरकारी वकील उज्ज्वल निकमांनी २०१५ मध्ये स्वतः सांगितलं. तरी लग्नाच्या पंगतीत ती अजून वाढली जाते. आपल्याला साक्षीपुराव्यापेक्षा जेवणाचा तपशील जास्त लक्षात राहतो, हे माझं जुनं दुखणं आहे. असो.

मुद्दा असा की कसाबनंही गुन्हा कबूल केला होता. २० जुलै २००९ ला, भर कोर्टात, अचानक. पण त्याच्याकडे विकायला काही नव्हतं. त्याला ठाऊक होतं तेवढंच, जेवढं त्याला सांगून पाठवलेलं. वरची नावं, आधी फसलेले दोन प्रयत्न, धागे कुठून आले, हे हेडलीकडे होतं, आणि ते सौद्यामुळे बाहेर आलं. म्हणून सौदा मुळातच वाईट, असं मी म्हणणार नाही. माझी तक्रार मावशीचीच आहे. ज्यांचं माणूस गेलं, ते टेबलाशी नव्हते. आपल्या कोर्टानं त्याला केलं 'माफीचा साक्षीदार'. शब्द बघा. माफी देतं कोर्ट. ज्याचं गेलं त्याला विचारायची पद्धत नाही.

सप्टेंबर ११ च्या हल्ल्याचा सूत्रधार खालिद शेख मोहम्मद याच्याबाबतीत अमेरिकेत तेच झालं. ३१ जुलै २०२४ ला ग्वांतानामोतल्या, म्हणजे तिथल्या अमेरिकी लष्करी तुरुंगातल्या खटल्याचा सौदा जाहीर झाला. कबुली आणि जन्मठेप, शिवाय मृतांच्या घरच्यांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची. दोन दिवसांत संरक्षणमंत्री ऑस्टिन यांनी तो रद्द केला, आणि जुलै २०२५ मध्ये अपील कोर्टानं, दोन विरुद्ध एक, मंत्र्यांचं म्हणणं उचलून धरलं. घरचे लोकही दुभंगलेले. कोणाला फाशीच हवी, कोणाला एकदाचा शेवट. अटकेनंतर वीस-बावीस वर्षं खटला का रखडला? सीआयएनं कैदेत तोंडावर पाणी ओतून त्याचा १८३ वेळा जीव गुदमरवला. तसं मिळवलेलं कोर्टात टिकेल का, यावरच वर्षं गेली.

एप्रिल २०२५ मध्ये हेडलीचा शाळासोबती आणि मुंबई हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणा दिल्लीत आणला गेला. त्याचा सौदा नव्हता. हेडली अजून तिकडेच.

मावशी आता नाही. त्या फेब्रुवारीनंतरही ती धागा बांधायची, पण विकतचा नाही. रांगेत उभी राहून, गुरुजींच्या हातून घेतलेला.

नमस्कार.